यंत्राची मराठी : गिरगावच्या खिळ्यांपासून भाषा-प्रारूपांपर्यंत

५.१ प्रस्तावना

मुद्रणाच्या आगमनानंतर मराठी गद्याला स्थिर रूप कसे येत गेले, याचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. प्रस्तुत घटकाचा विषय प्रथमदर्शनी अभ्यासक्रमाबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, संगणकाचे आज्ञालेखन आणि त्या उद्योगातून रोज येणाऱ्या वार्ता यांच्याशी भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि हा प्रश्न विचारण्याची सोय फारशी उरली नाही. आज अर्ज, जाहिरात, शाळेच्या कार्यक्रमाचे निवेदन, बँकेचे माहितीपत्रक, क्वचित शोकसंदेशसुद्धा यंत्राकडून मराठीत लिहवून घेतला जातो. आपल्यापैकी जे अनुवाद, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, अध्यापन किंवा कार्यालयीन पत्रव्यवहार यांवर उपजीविका करतात, त्यांच्या दृष्टीने तर हा विषय परीक्षेपुरता नाही.

मराठी माणसाची यंत्राशी गाठ काही प्रथमच पडते आहे असे नाही. गिरगाव-काळबादेवीचे छापखाने, कुलाब्याची संशोधनसंस्था, दादरची ग्रंथालये आणि परळ-लालबागच्या गिरण्या एवढ्या एका पट्ट्यात ती गाठ अनेकदा पडली. त्या अनुभवाच्या आधाराने आजच्या यंत्राकडे पाहावे, असा या घटकाचा हेतू आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, यंत्राला मराठी किती येते हे यंत्राच्या बुद्धीपेक्षा, आपली भाषा त्याच्यापुढे कोणत्या रूपात आणि कोणाच्या हातून ठेवली गेली यावर अधिक ठरते.

५.२ अक्षर यंत्रात बसवताना

मराठी छपाईच्या इतिहासात गणपत कृष्णाजी यांचे नाव आदराने घेतले जाते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून त्यांनी स्वतःचे शिळायंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये त्यावर मराठी पंचांग छापले. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथात या खटपटीची नोंद आढळते. शिळाछापात एक सोय होती. लेखकू जसे लिहील तसे दगडावर उमटे. लिपीला कोणतीही काटछाट सोसावी लागत नसे. शिसाचे सुटे खिळे जुळवून छापायचे म्हटले की खरी अडचण सुरू होई. रोमन लिपीला मोठी-लहान अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे धरून शंभर-सव्वाशे खिळ्यांत काम भागते. देवनागरीला काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे मिळून कित्येकशे खिळे लागतात. तितके ठसे कोरणे, तितक्या मातृका घडवणे, आणि जुळाऱ्याने तितक्या खान्यांतून नेमका खिळा उचलणे, हा सगळा खर्च भाषेच्या माथी बसे.

हा खर्च ज्यांनी अंगावर घेतला त्यांत जावजी दादाजी यांचे स्थान फार वरचे आहे. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केलेल्या या माणसाने १८६४ मध्ये अक्षरे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. त्यांची अक्षरे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव मात्र आज फारसे कोणाला ठाऊक नाही. निर्णयसागरच्या टाइपाची कीर्ती पुढे देशभर झाली. गिरगावातील गायवाडीच्या ‘गुजराती टाइप फाउंड्री’नेही देवनागरी खिळे पुरवले. या कारागिरांनी अ, झ, ण, ल, श यांची जी वळणे घडवली, ती ‘मुंबई वळण’ म्हणून ओळखली जातात. मराठीतल्या ल आणि श यांचे आपले रूप कोणते, हे सांगण्यासाठी महाराष्ट्र शासनाला ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढावा लागला. संगणकाच्या काळात हिंदीची वळणे आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली होती.

खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लिपीच बदलावी, असाही एक विचारप्रवाह होता. टिळकांनी ‘केसरी’च्या निमित्ताने या प्रश्नात लक्ष घातले, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवून इ, ई, उ, ऊ यांच्या जागी अि, अी, अु, अू असे लेखन पुरस्कारले, आणि काही नियतकालिकांनी ते काही काळ पाळलेही. या सुधारकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या मागणीमागचे मुख्य कारण, म्हणजे शिसाच्या खिळ्यांची संख्या, काही दशकांतच नाहीसे झाले. आज कोणत्याही साध्या भ्रमणध्वनीवर ‘ह्रस्व’ आणि ‘वाङ्मय’ हे शब्द विनासायास उमटतात. यंत्राच्या तात्कालिक मर्यादेसाठी भाषेला कायमची कात्री लावण्याची घाई करू नये, एवढे या प्रकरणावरून म्हणता येईल. यंत्राला नीट समजावे म्हणून हल्ली अनेक जण आपला मराठी प्रश्न आधी तुटक इंग्रजीत मांडतात. त्यांच्याही बाबतीत ते लागू पडावे.

आता आजच्या यंत्राकडे वळू. संगणकात अक्षर नसते, संख्या असते. कोणत्या चिन्हाला कोणती संख्या द्यायची याचा जागतिक करार म्हणजे युनिकोड. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात १२८ घरांचा एक स्वतंत्र गाळा आहे. या संख्या साठवण्याची सर्वाधिक रूढ पद्धत यूटीएफ-८ ही होय. तीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट जागा लागते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्या. आपल्या कानाला त्यात पाच अक्षरे आहेत : शे, त, क, ऱ्यां, च्या. युनिकोडच्या हिशेबाने मात्र मात्रा, काने, अनुस्वार आणि दोन हलन्तचिन्हे सुटी मोजून तेरा चिन्हे होतात, आणि तेरा त्रिक एकोणचाळीस बाइट. ‘शेतकरी’ या अर्थाचा अनेकवचनी इंग्रजी शब्द सात अक्षरांचा आणि सातच बाइटांचा असतो.

भाषा-प्रारूप, ज्याला व्यवहारात ‘लँग्वेज मॉडेल’ म्हणतात, शब्द वाचत नाही; तो शब्दाचे तुकडे वाचतो. या तुकड्याला टोकन अशी संज्ञा आहे. तुकडे पाडण्याची एक प्रचलित रीत अशी : आरंभी सर्व मजकूर बाइटांत मोडायचा, मग जी जोडी सर्वांत जास्त वेळा शेजारी आढळेल ती सांधून एक नवा तुकडा करायचा, पुन्हा मोजायचे, पुन्हा सांधायचे. ही क्रिया हजारो वेळा केली म्हणजे वारंवार येणारे शब्द अखंड तुकडे होतात आणि विरळ शब्द भुग्यासारखे राहतात. ज्या मजकुरावर ही मोजणी झाली त्यात इंग्रजी अमाप असेल आणि मराठी चिमूटभर असेल, तर इंग्रजीचे शब्द सलग राहणार आणि मराठीचा चुरा होणार, हे ओघानेच आले. खिळ्यांचा तोच प्रश्न दीडशे वर्षांनी दुसऱ्या रूपात पुढे उभा राहिला आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. या सेवांचे मोल टोकनांवर आकारले जाते, आणि प्रारूप एका वेळी किती मजकूर ध्यानात ठेवू शकते याची मर्यादाही टोकनांतच असते. म्हणजे चुरा झालेल्या भाषेला पैसा अधिक आणि स्मरण कमी. सुदैवाने यात सुधारणा होऊ शकते. ओपन-एआय या कंपनीने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ जाहीर करताना नमुन्याचे एक छोटे निवेदन वेगवेगळ्या भाषांत मोजून दाखवले होते. मराठीत त्याची जुन्या पद्धतीने ९६ टोकने होत, नव्या पद्धतीने ३३ झाली. इंग्रजीत २७ ची २४ झाली. साडेतीन पटींचे अंतर दीडपटीच्याही आत आले. लिपी तीच, व्याकरण तेच. ज्यांनी तुकडे पाडले त्यांनी या वेळी आपल्या भाषांकडे थोडे अधिक लक्ष दिले, एवढाच फरक.

एक बारीक पण मराठीच्या विद्यार्थ्याने विसरू नये असा मुद्दा ‘ऱ्य’ या रूपाचा आहे. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत पहिल्याने गुरुजन येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. हा भेद दाखवणारा अर्धा ‘र’ शिसाच्या काळातही वेगळा ओतावा लागे. युनिकोडमध्ये तो दोन निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिता येतो : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. एकाने एका तऱ्हेने लिहिलेले ‘शेतकऱ्यांच्या’ दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर सापडत नाही, आणि शोधणारा समजतो की मजकूरच नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘स्वातंत्र्यसैनिकांच्या’ या शब्दात कानाला किती अक्षरे आणि युनिकोडच्या हिशेबाने किती चिन्हे आहेत, ते मोजा. त्यावरून त्याचे बाइट काढा.

५.३ नियम सांगणे आणि उदाहरणांवरून शिकणे

संगणकाकडून काम करून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिली जुनी : प्रत्येक पायरी आपण सांगायची. कापडगिरणीत काम केलेल्या घरांतून जॅकार्डचा माग ठाऊक असेल. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झालेल्या या रचनेत जाड कागदाच्या पट्ट्यांवर भोके पाडलेली असतात. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. पट्ट्यांची माळ बदलली की कापडावरची नक्षी बदलते. माग तोच राहतो. आज्ञालेखन, ज्याला आपण सर्रास प्रोग्रॅमिंग म्हणतो, त्याचे मूळ तत्त्व हेच : यंत्र एक, सूचनांची माळ वेगळी.

भाषेला ही रीत लावायची तर व्याकरणाचे नियम लिहून द्यावे लागतात. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण मुंबईत १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. म्हणजे नियमांची आपल्याकडे वाण नव्हती. अडचण अपवादांची. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘या’कारान्त होते : घोडा, घोड्याला; भाचा, भाच्याला. हा नियम लिहून दिला की यंत्र ‘मामा’चे ‘माम्याला’ आणि ‘राजा’चे ‘राज्याला’ करील. मग मामा, काका, दादा, आजोबा यांची वेगळी यादी द्या. तेवढ्याने ‘मुलगा’ येतो आणि ‘मुलग्याला’ व ‘मुलाला’ असा वाद उभा राहतो. चाळीतले चार वर्षांचे पोर जे कधी शिकवावे लागत नाही, ते यंत्राला सांगताना वह्या भरतात.

दुसरी रीत उदाहरणांवरून शिकवण्याची. नियम एकही सांगायचा नाही. प्रचंड मजकूर पुढे ठेवायचा आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा : पुढचा तुकडा कोणता असेल? यंत्र आरंभी वाटेल ते उत्तर देते. उत्तर चुकले की त्याच्या आतील असंख्य अंक किंचित सरकवले जातात, जेणेकरून पुढील वेळी चूक थोडी कमी व्हावी. हे अब्जावधी वेळा झाल्यावर ‘मामा’ पुढे ‘ला’ येतो आणि ‘भाच्या’ पुढे ‘ला’ येतो हे त्याच्या अंकांत मुरते. त्याला नियम ठाऊक नसतो. सवय लागलेली असते. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेने या सवयीला लांबचा पल्ला दिला. ‘दादरच्या फूलबाजारातून आईने पहाटे आणलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला हार कालच्या चमेलीच्या वेणीपेक्षाही लवकर’ यानंतर ‘सुकला’ यावे, ‘सुकली’ नव्हे, हे ठरवण्यासाठी अगदी जवळची ‘वेणी’ सोडून ‘हार’ या शब्दाकडे पाहावे लागते. आधीच्या कोणत्या तुकड्याकडे किती लक्ष द्यायचे, याचे गणित ही रचना करते.

या ठिकाणी कुलाब्याचा उल्लेख आवश्यक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात ‘टीआयएफआरएसी’ हा संगणक देशी प्रयत्नाने उभारला गेला. तो १९६० मध्ये पूर्ण झाला. त्या गटाचे नेतृत्व आर. नरसिंहन यांच्याकडे होते. पुढे त्यांनी यंत्र सोडून भाषेकडे मोर्चा वळवला. त्यांच्या १९८१ च्या ग्रंथाचे नावच ‘भाषिक वर्तनाचे प्रारूप’ अशा अर्थाचे आहे, आणि उत्तरायुष्यात त्यांनी मौखिकता व साक्षरता यांवर लिहिले. संगणक बांधणारा मनुष्य शेवटी बोलणे आणि लिहिणे यांतील फरकापाशी येऊन थांबतो, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांना अभिमानाची वाटावी. आपला विषय त्या शास्त्राच्या परिघावर नाही.

कारण वर सांगितलेल्या दुसऱ्या रीतीचे सारे बळ आणि सारी दुर्बलता एकाच ठिकाणी आहे. यंत्र जे वाचते तेच बोलते. मग त्याने कोणती मराठी वाचली?

५.४ यंत्राच्या वाचनात न आलेली मराठी

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टी यंत्राच्या दृष्टीने शून्य आहेत. त्याला बोलणारे दिसत नाहीत, शिलालेख दिसत नाहीत. संगणकीय रूपातला मजकूर तेवढा दिसतो. २०२० च्या जीपीटी-३ या प्रारूपाच्या शिक्षणासाठी वापरलेल्या मजकुरात शब्दसंख्येने सुमारे ९३ टक्के इंग्रजी होते. उरलेल्या सातांत जगातल्या बाकी सर्व भाषा. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी ‘महाकॉर्पस’ हा संग्रह तयार केला. त्यात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये आहेत. काम मोठे आहे आणि ते थोड्या माणसांनी केले. चेन्नईच्या ‘एआय-फॉर-भारत’ या आयआयटी मद्रासमधील गटाने २०२३ मध्ये अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी अनुवादाचे खुले प्रारूप दिले. तरीही आंतरजालावर सहज मिळणारी मराठी मुख्यतः वृत्तपत्री, सरकारी आणि अनुवादित आहे. यंत्राने लिहिलेल्या मराठीला बातमीचा किंवा परिपत्रकाचा वास येतो, त्याचे कारण हे.

मराठीत एवढे कमी लिहिले गेले काय? मुळीच नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची. दादरच्या या ग्रंथालयाची कपाटे, गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाचा संग्रह, फोर्टातील एशियाटिक सोसायटीची दालने, ही सर्व मराठीने भरलेली आहेत. ती छापील आहे, एवढेच. छापील पान प्रकाशचित्रित करून त्यातील अक्षरे यंत्राकडून ओळखवून घेता येतात. परंतु जुना निर्णयसागरी टाइप, पिवळा कागद आणि तुटलेल्या मात्रा यांमुळे ओळीओळीला चुका होतात आणि मराठी जाणणारा मुद्रितशोधक लागतोच. जिथे हे काम नेटाने झाले तिथे फळ दिसते. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे आज कोणालाही शब्दागणिक शोधता येतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्याचेही लेखन आता संगणकावर वाचता येते.

छापील मजकुराचे दुःख निदान समजण्यासारखे आहे. संगणकावरच जुळवलेल्या मराठीचे दुःख अधिक चमत्कारिक. १९९० च्या सुमारास गिरगाव-दादरच्या गल्ल्यांतून शिसाचे खिळे गेले आणि डीटीपी आले. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली; त्यांच्यावाचून त्या दोन दशकांतली मासिके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका निघाल्या नसत्या. मात्र या जुन्या टंकांची युक्ती अशी होती : संगणकाच्या पोटात रोमन चिन्ह ठेवायचे आणि पडद्यावर त्या चिन्हाला देवनागरीचा मुखवटा घालायचा. तो विशिष्ट टंक हाताशी असेतो सर्व ठीक. तो काढून घेतला की परिच्छेदच्या परिच्छेद रोमन अक्षरे आणि स्वल्पविरामांचा कचरा होतात. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलून पाहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. सुमारे वीस वर्षांची मराठी अशी मुखवट्यामागे अडकून राहिली. परिवर्तकांनी ती युनिकोडमध्ये आणता येते, पण त्यासाठी मूळ फायली जपलेल्या असाव्या लागतात. लेखकाच्या मते या घडीला मराठीसाठी नव्या प्रारूपांच्या घोषणांपेक्षा या फायली शोधणे अधिक निकडीचे आहे. छापखाना बंद झाला की त्या रद्दीतही जात नाहीत, नुसत्या पुसल्या जातात.

स्वामित्वहक्काचा प्रश्नही येथेच येतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी त्याचे लेखन खुले होते. हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी आणि मर्ढेकर यांचे साहित्य आज या अर्थाने मुक्त आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०३० पासून मुक्त होईल. नामदेव ढसाळ किंवा जयंत पवार यांचे लेखन कोणी वारसांना न विचारता यंत्राला भरवले तर ते समर्थनीय नाही, भाषाप्रेमाच्या नावाखालीही नाही. मात्र याचा परिणाम ध्यानात घ्या. गिरणगावाची बोलती मराठी, मालवणी आणि घाटी हेल मिसळलेली, चाळीच्या गॅलरीत घडलेली, ही ज्या साहित्यात आली ते यंत्राच्या वाचनात कमी. आणि जी मराठी कोणी कधी बोलत नाही ती मुबलक. ‘मी आपली मदत करण्यास उत्सुक आहे’ असे वाक्य यंत्र सहज लिहून जाते. लालबागच्या बाजारात असे बोलणाऱ्याकडे मसाला कुटणारी बाई वळून पाहील.

५.५ किती माग सांभाळायचे?

यंत्र आले की माणसाचे काम जाणार की राहणार, हा प्रश्न आपल्या मनात असेलच. त्याचे उत्तर आकड्यांत देणाऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपले सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याच दिवशी अनेकांनी त्याचा दोष कृत्रिम बुद्धिमत्तेला दिला. कंपनीच्या प्रमुखांनी मात्र कारण कौशल्यांच्या विसंगतीचे असल्याचे सांगितले. एकाच घटनेची अशी दोन वाचने होतात. त्यापेक्षा परळचा एक जुना प्रसंग अधिक उपयोगी पडतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोन माग सांभाळावेत अशी रीत होती. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंदी आली तेव्हा काही गिरण्यांनी ‘कार्यक्षमते’च्या नावाने त्याच माणसाला तीन माग देण्यास आरंभ केला. एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. या लढ्यातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि फॉसेट समितीपुढे हा विषय गेला. यातला कळीचा भाग असा. माग वाढवले तरी धागा तुटायचा थांबत नाही. सूत निकृष्ट असेल तर तो अधिकच तुटतो, आणि तुटलेला धागा जोडणे विणकराच्याच माथी येते. म्हणून ‘माग किती’ हा प्रश्न एकटा विचारून चालत नाही. सूत कसले आहे, वाढीव कापडाचा मोबदला कोणाला, आणि तिसरा माग दिल्यावर जो विणकर रिकामा होईल त्याचे काय, हे प्रश्न त्याला चिकटलेले असतात.

अनुवादकाच्या टेबलावर आज हाच प्रसंग घडतो आहे. पूर्वी दिवसाला जेवढी पाने अनुवादली जात, त्याच्या कित्येक पट पाने यंत्राने अनुवादून त्याच्यापुढे टाकली जातात आणि ‘फक्त तपासून द्या’ असे सांगितले जाते. दर मात्र तपासणीचा. सूत चांगले असेल, म्हणजे यंत्राचा मजकूर स्वच्छ असेल, तर हे काम खरोखर हलके होते. हे नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सूत वाईट असेल तर प्रत्येक ओळीत धागा तुटलेला, आणि तो दिसतही नाही, कारण यंत्राची मराठी वरून गुळगुळीत असते. औषधाच्या माहितीपत्रकात ‘जेवणापूर्वी’चे ‘जेवणानंतर’ झाले तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोषच राहील. ती चूक पकडणाऱ्या माणसाचे डोळे, वेळ आणि जबाबदारी यांचे मोल कोणत्याही दरपत्रकात वेगळे लिहिलेले नसते. ते लिहून मागावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आज्ञालेखन करणाऱ्यांची स्थिती निराळी नाही. यंत्र सांगेल तेवढ्या ओळी लिहून देते; त्या बरोबर आहेत की नाहीत हे पाहणाऱ्याच्या अंगावर मागांची संख्या वाढते आहे.

गिरण्यांचा शेवट आपण जाणतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि आज कमला मिल्स किंवा फिनिक्सच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे उभी आहेत. त्या कार्यालयांतून आता हीच भाषायंत्रे वापरली जातात. १९८२ चा संप यंत्रांविरुद्ध नव्हता, तो वेतनाचा आणि हक्कांचा होता. त्यामुळे ‘यंत्राला विरोध केला म्हणून गिरणगाव संपले’ असे जे सैलपणे म्हटले जाते, ते इतिहासाला धरून नाही.

उद्योगातील वार्ता वाचताना एका शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे, तो शब्द ‘समर्थन’. अमुक यंत्र मराठीचे समर्थन करते, अशी बातमी येते. ती आली की पाहावे, मराठीची परीक्षा मुळात मराठीत रचली होती की इंग्रजी प्रश्नपत्रिकेचा अनुवाद करून घेतली होती. दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेत यंत्र अमेरिकेच्या इतिहासावरचे प्रश्न मराठीत सोडवून गुण मिळवते आणि ‘पुतण्याला’ व ‘मामाला’ यांपाशी कधी जातच नाही. तुकड्यांचे मोल, शिक्षणाचा मजकूर कोठून घेतला, आणि चूक निघाल्यास ती कळवण्याची सोय आहे की नाही, हेही विचारण्यासारखे. अशा बातम्यांत यांची उत्तरे बहुधा नसतात.

५.६ क्षेत्रकार्य

आपल्या परिसरातील एखादा जुना छापखाना, सार्वजनिक वाचनालय किंवा मंडळाचे कार्यालय निवडा. तेथे १९९० ते २०१० या काळात संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर, उदाहरणार्थ दिवाळी अंक, गणेशोत्सवाची स्मरणिका, वार्षिक अहवाल, मूळ फायलींच्या रूपात शिल्लक आहे काय, याची चौकशी करा. मिळाल्यास कोणत्या टंकात आहे ते नोंदवा, मालकांच्या परवानगीने त्यातील दोन पाने युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि मूळ छापील पानाशी अक्षरशः ताडून पाहा. रफार, अर्धा ‘र’, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांत कोठे चुका झाल्या त्यांचा तक्ता करा. त्यानंतर त्याच दोन पानांतील कोणतीही दहा वाक्ये अर्धवट तोडून एखाद्या भाषा-प्रारूपाला पूर्ण करण्यास द्या, आणि मूळ लेखकाने वाक्य जसे संपवले होते त्याच्याशी यंत्राचे उत्तर शेजारी ठेवून सुमारे तीनशे शब्दांत टिपण लिहा. टिपण हस्तलिखित असावे. फायली सापडल्या नाहीत, तर त्या कोणाकडे होत्या, कधीपर्यंत होत्या आणि कशा गेल्या, हे तेथील जुन्या जुळाऱ्याला किंवा ग्रंथपालाला विचारून लिहिलेले टिपणही ग्राह्य धरले जाईल.